बॅग गेली तिबिलिसीला

बॅग गेली तिबिलिसीला, मी आले गोरिसला.
येरेवानच्या स्टँडवर ड्रायव्हरनं छातीवर हात ठेवून
सांगितलं होतं, ठेवली म्हणून.
ठेवली होतीच. शेजारच्या गाडीत.

तिच्यात दोन स्वेटर, रक्तदाबाच्या गोळ्या
आणि एक जाड कादंबरी,
जिची शेवटची साठ पानं मी राखून ठेवली होती,
लहानपणी ताटातला गोडाचा घास राखायचे तशी.

खिंड चढताना गाडी तापली, थांबली,
आणि थांबलेल्या गाडीत मी चष्म्यावर बसले.
डावी काच गेली. उजवी वाचली.
वाचली हा शब्द त्या दिवशी
मला उगाचच फार आवडला.

गोरिसला नुसता वारा.
असा, की तातेवच्या मठाकडे जाणारा पाळणा बंद.
ज्याच्यासाठी एवढी आले, तेच नाही.
अर्शालुइसनं दार उघडलं,
माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं,
आणि पासपोर्ट मागायच्या आधी
हातात सुरी दिली.

पाला चिरायचा होता. पालक ओळखला, कोथिंबीर ओळखली,
बाकी दहाबारा जणींशी ओळख नव्हती.
तिनं एकेकीचं नाव सांगितलं,
मी एकेकीला चावून पाहिलं.
एक आंबट, एक कडवट,
एक अशी, की जीभ म्हणाली थांब,
ही आपल्याला कुठल्याशा बांधावर भेटलेली आहे.

झिंग्यालोव हात्स.
नाव चौथ्या खेपेला जमलं, भाकरी पाचव्या.
पहिली तव्यावरच फुटली, सगळं हिरवं बाहेर.
अर्शालुइस काहीतरी म्हणाली.
मला वाटलं, फुटलेली पाहुण्याची.
म्हणून मीच खाल्ली, उभ्यानं, बोटं भाजत.
तिचा मुलगा व्रेझ हसता हसता खाली बसला:
आई म्हणत होती, फुटलेली कुत्र्याची.
सेवूक दारात बसून होता.
त्याच्या नजरेला नजर देणं मला जमलं नाही.

रात्री वाचायला काही नाही.
एक डोळा मिटून मिठाचा पुडा वाचला,
मग गॅसचं बिल.
घोड्याचे नाल ओळीनं मांडून ठेवावेत तशी अक्षरं;
आकडे तेवढे माझे.
व्रेझला दया आली. त्यानं शाळेचं पुस्तक काढून
मोठ्यानं एक धडा वाचून दाखवला.
मध्यावर त्याचा आवाज खाली गेला,
तिथे कुणीतरी मेलं असावं, मी डोळे पुसले.
धडा तांब्याच्या खाणींचा होता, म्हणाला.
आवाज झोपेमुळे गेला होता.

दुसऱ्या रात्री छाती धडधडायला लागली.
गोळ्या तिबिलिसीत.
घरी वाट बघणारं कुणी नाही, ते बरंच असतं,
असं मी प्रवासात सगळ्यांना सांगत असते.
त्या रात्री नाही सांगितलं.
अर्शालुइस येऊन बसली, माझं मनगट धरून,
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत.
ती ठोके मोजत होती की पहाट व्हायची वाट बघत होती,
मी विचारलं नाही. विचारायला शब्दही नव्हते.

सकाळी वहीत हे लिहीत होते, तर व्रेझ डोकावला.
तुमची अक्षरं टांगलेली का आहेत?
आणि अंगणातल्या दोरीकडे बोट दाखवलं,
जिच्यावर माझे एकुलते एक मोजे वाळत होते.
मग पळत जाऊन एक चिमटा आणला
आणि माझ्या ओळीला लावला.
वारा आहे, म्हणाला.

बॅग आली तिसऱ्या दिवशी.
तीच तपकिरी, तसंच तुटकं चाक, पण माझी नाही.
आत रबरी बूट, मासे धरायचा गळ,
आलुबुखारच्या चटणीची अर्धी बाटली
आणि वेलीच्या तणाव्यांसारख्या लिपीतलं एक पुस्तक,
त्यात शेवटाशी कुणीतरी घातलेली खूण.
म्हणजे तिकडेही कुणाचं तरी थोडं राहिलंय.
तो आता माझी साठ पानं उलटून बघत असेल,
एवढे कपडे कुणी वाळत घातले म्हणून.

पाळणा सुरू झाला म्हणे त्याच दुपारी.
माझे हात पिठात होते.
चटणी भाकरीशी संपवली, संध्याकाळच्या आत.
गळ शेजाऱ्याला दिला.
बूट व्रेझला दोन बोटं मोठे झाले.
वाढेल.